अस्सल चामड्याच्या नावाखाली ८,१५० रुपयांची टोपी

नागपुरात सभागृह भाड्याने घेऊन चार दिवस भरणाऱ्या ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ लेदर सेलमधून मी ७,८५० रुपयांची डफल बॅग आणि ती जपण्यासाठी म्हणून ३०० रुपयांचे क्रीम घेतले. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पट्ट्यांचे पापुद्रे निघू लागले. असे सेल कसे चालतात हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो तपशील उगाळत नाही. मात्र जी युक्ती माझ्यावर चालली, ती चामडे पारखणाऱ्या माणसावरही चालेल, म्हणून हे लिहिते आहे.

मी डोळे मिटून खरेदी केलेली नाही. चामडे फुल ग्रेन, म्हणजे वरचा नैसर्गिक थर न घासता तसाच ठेवलेले आहे का, हे मी स्वतः विचारले. विक्रेत्याने टेबलावरच्या बॅगेची कापीव कड दाखवली. तिच्यात तंतू स्पष्ट दिसत होते, पृष्ठभागावरची छिद्रे एकसारखी नव्हती आणि बोटाने दाबल्यावर बारीक सुरकुत्या उमटत होत्या. त्याने लायटरही धरून दाखवला. ती बॅग खरोखरच चामड्याची होती, आणि संताप याच गोष्टीचा येतो. पैसे ठरल्यावर तो म्हणाला, “मॅडम, हा डिस्प्लेचा नग आहे, हाताळून मळला आहे, तुम्हाला सीलबंद देतो.” पडद्यामागून प्लास्टिकमध्ये बांधलेली बॅग आली. ती हाताला हलकी लागली. मी तसे बोलूनही दाखवले. “डिस्प्लेच्या बॅगेत आकारासाठी कागद कोंबला आहे,” असे उत्तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता दिले, आणि तिथेच ते प्लास्टिक फाडायला हवे होते. पण मागे रांग होती, यजमानांची पुण्याची गाडी त्याच संध्याकाळची होती, आणि प्लास्टिकमधूनही चामड्याचा वास येत होता. हा वास फवारता येतो, हे विकणारा सांगत नसतो.

इतवारीतल्या एका जुन्या कारागिरांनी अस्तर उसवून दाखवले. आतल्या बाजूला विणलेले कापड होते, म्हणजे अंग रेक्झिनचे. पट्टे तेवढे बाँडेड लेदरचे, म्हणजे चामड्याचा चुरा पॉलियुरेथेनने चिकटवून केलेले. पॉलियुरेथेनचा थर उष्णतेने आणि दमटपणाने तुटत जातो, आणि आपल्याकडे मे महिन्याच्या भट्टीनंतर लगेच जुलैची ओल येते. अशा थरात क्रीम मुरतच नाही, तेव्हा ते ३०० रुपयेही पाण्यात गेले. कापीव कडांवर रंगाचा जाड लेप असेल, तर आतले तंतू दिसत नाहीत, तेव्हा जिथे लेप नाही अशी एक तरी कड दाखवा म्हणून अडून बसा.

त्यानंतरचा मनस्ताप बॅगेपेक्षा मोठा आहे. सभागृहाच्या व्यवस्थापकाने ‘आम्ही फक्त जागा देतो’ असे सांगून भाडेकरूचे नाव देण्यास नकार दिला. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून बोळवण झाली. माझ्यासमोर बसलेल्या अंमलदारांनी पावती हातातसुद्धा घेतली नाही. बँकेने सांगितले की यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे आमचा संबंध नाही. भाडे घेणाऱ्याला भाडेकरू माहीत नाही, पैसे पोचवणाऱ्याला खातेदार सांगता येत नाही आणि तक्रार नोंदवणाऱ्याला ती नोंदवायची नाही. मग फसलेल्या माणसाने जायचे तरी कुठे?

क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर पैसे देऊ नका. माझ्या पावतीवर केवळ ‘बॅग, १ नग’ असे होते. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, चामड्याचा उल्लेख नव्हता, शिक्का मात्र ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा ठळक होता. त्या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. ‘फुल ग्रेन लेदर’ हे शब्द बिलावर लिहून घ्या. ‘जेन्युइन’ या शब्दावर समाधान मानू नका. जो नग तपासला, तोच घ्या, मळलेला असला तरी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. मी तक्रारीची तयारी करते आहे. उसवलेली बॅग पुरावा म्हणून तशीच ठेवली आहे. याच प्रकारच्या सेलमधून ज्यांनी बॅग घेतली असेल, त्यांनी पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि आपलीही तक्रार दाखल करावी.