युथ होस्टेलचा सार पास: ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी जरूर करावा असा ट्रेक

युथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचा सार पास ट्रेक या मे महिन्यात केला. बर्फाचे, देवदारांचे आणि पार्वती खोऱ्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. मी कोल्हापुरात एका रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज आहे. ड्यूटी लावणं, राऊंडला उभं राहणं, नव्या मुलींना शिकवणं हे माझं रोजचं काम. म्हणून असेल कदाचित, पण मला या ट्रेकमध्ये सगळ्यात मोलाची वाटली ती त्यांची ग्रुप चालवायची पद्धत.

आधी व्यवस्थेबद्दल. बेस कॅम्प हिमाचलात कसोलला. तिथे सुरुवातीचे दिवस हवामानाची सवय, रॉक क्लाइंबिंग, रॅपलिंग (दोराच्या आधाराने कडा उतरणं) यात जातात. मग ग्रहण गाव, पाद्री, मिन थाच, नागारू असे कॅम्प चढत जायचं, सुमारे १३,८०० फुटांवरची सार पास ही खिंड ओलांडून बिस्केरीला उतरायचं आणि बंदक थाचवरून परत. तंबू, स्लीपिंग बॅग तिथेच मिळतात. जेवण शाकाहारी, साधं, गरम. ताट-मग आपला न्यायचा आणि आपणच घासायचा. दारू-सिगारेटला पूर्ण बंदी. रात्री कॅम्पफायर होतो, पण आग न पेटवता, नुसत्या गाण्यांवर. वरच्या कॅम्पवरचे कॅम्प लीडर स्वयंसेवक असतात, कामधंद्यातून सुट्टी काढून तिथे थंडीत राहतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मोसमात रोज नवी तुकडी निघते. तुकडीतली माणसं देशभरातून आलेली, बहुतेक एकमेकांना अनोळखी. आणि ही तुकडी आपल्यातूनच ग्रुप लीडर निवडते. पगार नाही, खुर्ची नाही, शिक्षा करायचा अधिकार नाही. लोकांनी ऐकलं तर तो लीडर.

आमच्यात एक बँकेतले साहेब होते, पन्नाशीचे, आवाज खणखणीत. सगळ्यांना वाटलं हेच होणार. निवडली गेली नाशिकची एक मुलगी, शिक्षण नुकतंच संपलेलं. सरावाच्या चढाला ती मागे राहिलेल्यांबरोबर चालत होती आणि वर पोचेपर्यंत तिला निम्म्या लोकांची नावं पाठ झाली होती. लोकांनी तेवढंच पाहिलं.

तिचा पहिला निर्णय रांगेचा. हळू चालणारे गाईडच्या लगेच मागे, दणकट पोरं शेवटी. डोंगरात ही जुनी रीत आहे. वेगवान माणूस पुढे गेला की रांग तुटते, आणि मागचा धापा टाकत पोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपलेली असते, मग त्याला बसायलाच मिळत नाही. मला म्हणाली, "काकू, तुम्ही गाईडदादांच्या मागे. तुमची चाल तीच सगळ्यांची चाल." पुण्याच्या दोन मुलांना हे अजिबात पटलं नव्हतं. पण त्यांनी काय केलं, ते मला फार आवडलं. संध्याकाळी ते तिच्याकडे गेले, तोंडावर सांगितलं की आम्हाला कंटाळा येतो, आमच्या ताकदीचं काहीतरी काम दे. दुसऱ्या दिवसापासून शेवटचा माणूस सांभाळायची जबाबदारी त्यांची. तंबूत कुजबुज नाही, वेगळा गट नाही. वॉर्डात मी वर्षानुवर्षं पाहते, निम्मी भांडणं अशाने होतात की नाराजी ज्याला सांगायची त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगितली जाते.

बँकेतले साहेब सुरुवातीला तिने सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा स्वतःच्या आवाजात सांगायचे. ती चिडली नाही. मिन थाचला तिने त्यांना विनंती केली, "काका, सकाळची मोजणी तुमच्या आवाजात होऊ दे." त्यानंतर रोज पहाटे त्यांनी मोजणी घेतली आणि आकडा तिला येऊन सांगितला. येऊन सांगितला, हे महत्त्वाचं.

खरी परीक्षा नागारूला झाली. तिथून पहाटेच्या अंधारात निघावं लागतं, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय रुततात. आदल्या संध्याकाळी एका मुलाचं डोकं ठणकत होतं, उलटीही झाली होती, आणि तो लपवत होता. इतक्या जवळ येऊन पास हुकायला नको म्हणून. त्याच्या तंबूतल्या मित्राने जाऊन लीडरला सांगितलं. तिने मला त्याला बघायला बोलावलं आणि मग आम्ही तिघं कॅम्प लीडरकडे गेलो. उंचीचा त्रास सुरू झाला असताना आणखी वर चढायचं नसतं, आणि त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खरा इलाज. कॅम्प लीडरनी त्याला पुढे न्यायला नकार दिला आणि खाली पाठवायचं ठरवलं. मुलगा रडला. लीडर त्याच्याशेजारी बसून राहिली, पण निर्णयावर घासाघीस केली नाही. तो मित्र रात्री मला विचारत होता, "मी चुगली केली का?" मी त्याला आमच्या ऑपरेशन थिएटरबद्दल सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी आणली. त्यात छेद घेण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. त्यामागचा विचार असा की ज्याने एकदा तोंड उघडलं, त्याला पुढे "सर, थांबा" म्हणायला कमी भीती वाटते. सर्जन कितीही मोठा असला तरी समोरच्या नव्या सिस्टरला काहीतरी वेगळं दिसू शकतं, आणि तिने ते वेळेत बोलणं हे तिचं कामच आहे. त्या मुलाने मित्रासाठी तेच काम केलं होतं.

पास ओलांडताना मी कुणाचीही इन्चार्ज नव्हते. गाईड कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदत होता आणि मी त्याने ठेवलं तिथेच पाऊल ठेवत होते. ऐकणं म्हणजे डोकं बाजूला ठेवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे करून पाहावं. पुढच्याच्या पायरीवर पाऊल ठेवताना लक्ष कमी लागत नाही, जास्त लागतं. घरी गणपतीला गावच्या स्वयंपाकघराची सूत्रं माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे असतात आणि मी तिथे सांगितलं ते चिरून देते, वाटून देते. त्या कामाची मला पहिल्यापासूनच किंमत आहे, पण इथे ती तरुण पोरांनाही कळताना पाहिली.

हल्ली ऑफिसं हॉटेलात नेतृत्वाची शिबिरं घेतात. तिथे सगळ्यांना पुढारी कसं व्हायचं तेच शिकवतात. मागे नीट कसं चालायचं, कधी थांबवायचं, नाराजी कुणाला सांगायची, हे कुणी शिकवत नाही. सार पासला ते अंगात मुरतं, कारण चुकांचे परिणाम त्याच संध्याकाळी समोर येतात.

गुडघे दुखत असतील तर उतारांचा नीट विचार करा, बिस्केरीची उतरण लांब आहे. वरच्या कॅम्पवर शौचाची सोय तंबूतल्या खड्ड्याची असते, मनाची तयारी ठेवा. मेडिकल सर्टिफिकेट लागतं, आणि कृपा करून डॉक्टरांकडून खरीच तपासणी करून घ्या. नोंदणी लवकर भरते.

ऑफिसातल्या लोकांना पाठवायचं असेल तर सगळा विभाग एकाच तारखेला पाठवू नका. साहेब सोबत असला की तुकडी त्यालाच लीडर करते. दोघं-दोघं, वेगवेगळ्या तारखांना जाऊ द्या.