मॅडमना पाच, पुस्तिकेला दोन : सोलापुरातल्या एका स्पोकन इंग्लिश क्लासचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी ११ वर्षं काम करते. बिलं, पॅकिंग लिस्ट, ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन हे सगळं मराठी, हिंदी आणि थोड्या तेलुगूवर भागतं. परदेशातल्या पार्ट्यांचे मेल मालकांचा मुलगा बघायचा. मागच्या वर्षी तो पुण्याला गेला आणि ते काम माझ्याकडे आलं. दुसऱ्याच आठवड्यात एका पार्टीनं विचारलं, 'वुड यू माइंड इफ वी चेंज द कलर?' आमची काहीच हरकत नव्हती, म्हणून मी लिहिलं, 'यस सर.' पण या प्रश्नाला 'यस' म्हटलं की 'हो, हरकत आहे' असा अर्थ निघतो. खुलासा होईपर्यंत तीन दिवस रंगाई थांबली. त्या शनिवारी मी क्लासला नाव घातलं.

क्लास सात रस्त्याच्या बाजूला आहे, दुसऱ्या मजल्यावर. तीन महिने, आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ. फी ६,५०० रुपये. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. मॅडम व्याकरणाचे नियम फळ्यावर उतरवून देत नाहीत. रोज वाक्याचा एकच साचा घेतात आणि प्रत्येकाकडून आपापल्या दिवसातली दहा वाक्यं त्या साच्यात म्हणवून घेतात. 'इट टेक्स' घेतला त्या दिवशी मी म्हटलं, 'इट टेक्स मी ट्वेंटी मिनिट्स टू रीच द फॅक्टरी.' एसटीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, 'इट टेक्स अ‍ॅन अवर टू रीच तुळजापूर.' माझे वडील जॅकार्डच्या मागावर चादरी विणायचे. नक्षीप्रमाणे भोकं पाडलेल्या कार्डांची माळ एकदा लावली की सूत लाल घाला नाहीतर हिरवं, नक्षीतला मोर मोरच राहतो. मला हा साच्यांचा प्रकार तिथूनच पटकन उमगला.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते 'मला'वर, आणि माझ्या मते फी तिथेच वसूल झाली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'मला भूक लागली.' मग पूर्व भागातल्या एका मुलीला तेलुगूत म्हणायला सांगितलं. ती म्हणाली, 'नाकु आकलि वेस्तोंदि.' अक्कलकोटहून येणाऱ्या एकानं कानडीत सांगितलं, 'ननगे हसिवागिदे.' नाकु म्हणजे मला, ननगे म्हणजेही मला. सोलापुरात रोज कानावर पडणाऱ्या या तिन्ही भाषांत भूक येऊन माणसाला लागते. इंग्रजीत माणूसच पुढे येऊन उभा राहतो : आय अ‍ॅम हंग्री. इतकी वर्षं मी 'टू मी' कुठे बसवायचं हे शोधत अडखळत होते, त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

बरं, एकदा 'आय' आला म्हणून सुटका होत नाही. आपल्या एका 'मला'च्या इंग्रजीत कितीतरी वाटा होतात. मला ताप आहे, तिथे 'आय हॅव'. मला पोहता येतं, तिथे 'आय कॅन'. मला वाटतं, तिथे 'आय थिंक'. मला जावं लागेल, तिथे 'आय विल हॅव टू गो'. मला दोन तास लागले, तिथे तर 'इट टुक मी टू अवर्स' म्हणून 'इट' पुढे येतो. मॅडमनी 'मला'ची अशी ४० वाक्यं आमच्याकडूनच गोळा करून घेतली. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

दुसरा धडा विनंतीचा. आपल्याकडे आदर क्रियापदातच असतो : दे, द्या, द्याल का. शिवाय आपलं सोलापुरी 'की' आहे. 'जरा सांगा की' म्हटलं की समोरच्याला हुकूम वाटत नाही. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोघांना एकच 'यू'. मग आदर ठेवायचा कुठे? मॅडम म्हणाल्या, वाक्याच्या बांधणीत. 'सेंड द पेमेंट' हा हुकूम झाला, त्याला 'प्लीज' जोडून धार थोडीच कमी होते. 'कुड यू सेंड द पेमेंट बाय फ्रायडे?' म्हणजे आपलं 'शुक्रवारपर्यंत पाठवा की'. माझे जुने मेल मी घरी येऊन वाचले. सगळीकडे 'प्लीज सेंड', 'प्लीज कन्फर्म', 'प्लीज डू'. मनात एवढा आदर असून तो कागदावर उतरत नव्हता, याचं फार वाईट वाटलं. आणि 'वुड यू माइंड'ला हरकत नसेल तर 'नॉट अ‍ॅट ऑल' म्हणायचं, हेही तिथेच पक्कं झालं.

आता तक्रार. क्लासची छापील पुस्तिका वेगळे ३०० रुपये देऊन मिळते आणि ती मॅडमच्या शिकवण्याच्या जवळपासही नाही. पहिल्याच पानावर ओळख करून देताना 'मायसेल्फ' आणि पुढे नाव. मॅडमनी पहिल्या दिवशी ते खोडायला लावलं, 'आय अ‍ॅम' म्हणा. पुढे एक नियम चौकटीत छापलाय : वाक्याच्या शेवटी 'आहे' आलं की 'हॅव' लावा. त्यावर विसंबून मी एका पार्टीला लिहिलं, 'वी हॅव डिस्पॅच्ड द गुड्स येस्टरडे.' मराठीत 'काल माल पाठवला आहे' अगदी बरोबर. इंग्रजीत 'येस्टरडे' आला की 'वी डिस्पॅच्ड' एवढंच चालतं. उलट 'मी इथे ११ वर्षांपासून काम करते' यात 'आहे'चा पत्ता नाही, तरी तिथे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर इलेव्हन इयर्स' लागतं. म्हणजे चौकटीतला नियम दोन्हीकडून फसवतो. मी हे क्लासच्या ऑफिसमध्ये दाखवलं, पुढच्या छपाईत बघू म्हणाले. नवीन बॅचला तीच पुस्तिका मिळाली आहे.

दुसरी तक्रार गर्दीची. फी भरताना २० जण सांगितले होते, दुसऱ्या महिन्यात आम्ही ३८ होतो. दहा वाक्यांची तीन वाक्यं झाली. जे मागे बसतात आणि आधीच बुजलेले असतात, त्यांचा नंबर काही दिवशी लागायचाच नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई, शिवणकाम करून यायच्या, महिन्याभरात यायच्या बंद झाल्या. त्यांना 'आय कॅन स्टिच' मोठ्यानं म्हणताना मी ऐकलं होतं, त्या दिवशी किती खुलल्या होत्या. याबद्दल मी क्लासला माफ करू शकत नाही.

बाहेर बोर्डावर '३० दिवसांत फाडफाड इंग्रजी' लिहिलंय, त्यावर जाऊ नका. माझं ९० दिवसांत फाडफाड झालेलं नाही. फोनवर अजून थांबून बोलते. पण मेल लिहिताना आधी मराठी वाक्य करून त्याचा एकेक शब्द बदलत बसत नाही, सरळ साचा आठवतो.

मॅडमना पाचपैकी पाच, पुस्तिकेला दोन, बसायच्या सोयीला तीन. जायचं असेल तर सकाळी सातची बॅच घ्या, तिथे गर्दी कमी असते. पुस्तिका घेऊ नका, साधी दोनशे पानी वही पुरते. पैसे भरण्याआधी वर्गात किती जण असतील ते पावतीवर लिहून मागा. मी पुढचे तीन महिने सकाळच्या बॅचला नाव घातलंय, आणि त्या ताईंनाही फोन केलाय. सोमवारी येते म्हणाल्या.