क्लिनिकल फ्रेल्टी स्केल : आयसीयूत रोज वापरणारीचं मत

मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जिकल आयसीयू बघते. सत्तरी ओलांडलेलं माणूस पोटाच्या तातडीच्या ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर येतं, तेव्हा बाहेर बसलेल्यांचा प्रश्न एकच असतो: ‘डॉक्टर, घरी येतील ना?’ अवयव किती बिघडलेत ते सांगणारा सोफा स्कोअर त्या दिवसाची किडनी, बीपी, ऑक्सिजन मोजतो. अपाची ही गंभीर पेशंटची दुसरी गुणपद्धत, ती वय आणि जुने आजारही धरते. पण आजारी पडण्याआधी हे माणूस घरात कसं वावरत होतं, ते यातून कळत नाही. त्यासाठी मी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल वापरते; फ्रेल्टी म्हणजे वयाबरोबर येणारा शरीराचा नाजूकपणा.

कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या केनेथ रॉकवुड यांच्या गटाने २००५ मध्ये ती मांडली. आता तिच्यात १ ते ९ पायऱ्या आहेत. १ म्हणजे ठणठणीत; ५ ला पैशांचे व्यवहार, प्रवास, जड कामं यांत मदत लागते; ६ ला जिना जड जातो, अंघोळीलाही कोणीतरी लागतं; ७ ला सगळंच दुसऱ्याच्या हातात. ५ पासून पुढे फ्रेल. फ्रेल्टी मोजायच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग असल्या चाचण्या तोंडात नळी असलेल्या पेशंटकडून कशा करून घेणार? इथे नातेवाइकांशी नीट बोललं की काम होतं. युरोपातल्या ८० वर्षांवरच्या पाच हजारांहून जास्त आयसीयू पेशंटचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात ४३ टक्के फ्रेल निघाले, आणि महिन्याभराने इतरांच्या तुलनेत त्यांच्यातले कमी लोक जगलेले होते.

फ्रेल्टी मोजायची दुसरी पद्धत, पाच मुद्द्यांचा मॉडिफाइड फ्रेल्टी इंडेक्स, मला पटला नाही. मधुमेह एक, बीपीची गोळी एक, झाले दोन गुण, की माणूस फ्रेल. आमच्याकडे असे कितीतरी आजोबा दोन्ही गोळ्या खाऊन सकाळी शेताला पाणी देऊन येतात.

या स्केलचा सगळा जीव प्रश्न कसा विचारता यात आहे. हर्नियात आतडं अडकून काळं पडलेल्या एक आजी आल्या होत्या. मुलगा म्हणाला, ‘एकदम फिट होती हो आई.’ म्हणजे ३. मी विचारलं, ‘पंधरा दिवसांपूर्वी अंघोळ कोण घालत होतं?’ मागे उभी असलेली सून हळूच म्हणाली, ‘मीच घालते, दिवाळीपासून. संडासलाही भिंत धरून जातात.’ म्हणजे ६. ऑपरेशन केलंच, ते थांबवायचा प्रश्न नव्हता. पण व्हेंटिलेटर लवकर सुटणार नाही, घरी गेल्या तरी अंथरुणाला खिळलेल्या असू शकतात, हे घरच्यांना त्याच रात्री सांगता आलं. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपी आणि नळीतून प्रथिनांचा आहार सुरू केला. भ्रम होतोय का, यावर सिस्टरनी पहिल्या पाळीपासून लक्ष ठेवलं.

आपल्याकडे एक अडचण येतेच. स्वयंपाक, बाजारहाट, बँक हे प्रश्न एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना धरून केलेले आहेत. आपले आजोबा आयुष्यात चुलीपाशी गेलेले नसतात, आजींची बँक मुलगा बघतो. म्हणून प्रत्येक वेळी विचारावं लागतं: करत नाहीत, की करवत नाही? शिकाऊ रेसिडेंट डॉक्टरांना मी आधी हे शिकवते. नाहीतर चांगला धडधाकट माणूस कागदावर ५ होऊन बसतो.

पाचपैकी चार तारे. एक तारा राखून ठेवला, कारण नुसता आकडा बघून ‘आयसीयूत घेऊ नका’ म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि त्याची मला चीड येते. ६५ च्या आतल्यांना, जन्मापासून किंवा पूर्वीपासून अपंगत्व असलेल्यांना ती लावूच नये. ‘६’ लिहिलेल्या पेशंटकडे जास्त वेळ द्यायचा असतो, जास्त बोलायचं असतं. आमच्या केसपेपरवर आकड्याशेजारी माहिती कोणी दिली तेही लिहितो. मुलाने दिली असेल तर राउंडला सुनेला किंवा लेकीला पुन्हा विचारतो.