बिल दीडपट आलं: रोखावं, थोडं द्यावं, की सगळं देऊन मग भांडावं?

मिस्त्री हत्यारांची पिशवी आवरतोय, बिल आपल्या हातात आहे आणि आकडा तोंडी ठरलेल्याच्या दीडपट. अशा वेळी काही जण भिडेपोटी पैसे देऊन टाकतात आणि पुढचे आठ दिवस घरच्यांचे कान खातात. काही जण तिथल्या तिथे आवाज चढवतात. मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्ही वेळा बिलातलं नेमकं काय खटकतंय हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. ‘जास्त वाटतंय’ एवढंच म्हणत होतो, आणि त्यावर समोरच्याकडे ‘साहेब, महागाई बघा ना’ हे उत्तर तयार असतं.

म्हणून पैसे द्यायचे की रोखायचे हे ठरवण्याआधी वाद कशाचा आहे ते बघा. दर पटत नाही, माप पटत नाही, न सांगितलेलं काम बिलात घुसलंय, की कामच धड झालेलं नाही? या चारही ठिकाणी आपली बाजू सारखी बळकट नसते.

दर आणि माप

काम झाल्यावर दरावरून वाद घालणं मला सगळ्यांत लंगडं वाटतं. दर आधी ठरला असेल तर ठरल्याप्रमाणे द्यायचा, शेजाऱ्याला स्वस्तात करून मिळालं असं मागाहून कळलं तरी. ठरलाच नसेल, तर निरनिराळ्या देशांचे कायदे साधारण एकाच ठिकाणी येऊन थांबतात: वाजवी मोबदला. फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी आपल्यासाठी काम केलं आणि आपण त्याचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते, असं भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७० सांगतं. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम ५१ म्हणतं, वाजवी किंमत द्या, त्याहून जास्त नाही. म्हणजे तोंडाला येईल तो आकडा त्याला मागता येत नाही, आणि ‘ठरलं कुठे होतं, मग देत नाही’ असं आपल्यालाही म्हणता येत नाही.

वाजवी म्हणजे किती, हे त्याच कामाचे आणखी दोघा-तिघांचे दर विचारले की कळतं. नळाचा वॉशर बदलायला दहा मिनिटं लागली आणि वॉशर चिल्लर किमतीचा होता, एवढ्यावरून कुणी लुबाडलं असं होत नाही. येण्याजाण्याचा वेळ, हत्यारं आणि गळती कुठून आहे हे बघताक्षणी ओळखणारी नजर, हे सगळं त्या दहा मिनिटांत धरलेलं असतं. मिस्त्रीने आणलेल्या सामानावर थोडा नफा लावणंही सर्रास चालतं. तरी सामानाचं दुकानातलं मूळ बिल जरूर मागावं आणि बिलात लिहिलेल्या कंपनीचाच माल बसवलाय का ते बघावं. तिथे फरक निघाला तर तो दराचा वाद उरत नाही, बिलच खोटं ठरतं.

मापाच्या वादाला टेप पुरते. समजा, १२ बाय १० फुटांची खोली आहे आणि उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४० स्क्वेअर फूट, छत १२०, एकूण ५६०. रंगाऱ्याच्या बिलात ६५० लिहिलं असेल तर मधल्या ९० फुटांचा हिशेब मागायचा. कधी बीमच्या बाजू आणि माळ्याचा खालचा भाग धरलेला असतो, तो खराच रंगवलेला असतो, म्हणून तो मान्य करायचा. कधी बेरीज चुकलेली असते. आणि कधी एक मोठी गफलत असते: दर दोन हातांचा ठरलेला आणि क्षेत्रफळ दोनदा मोजलेलं.

दार-खिडक्यांवरून पुष्कळ वाद होतात. बांधकामाची मापं कशी घ्यायची याचं भारतीय मानक आहे, आयएस १२००. त्यानुसार गिलावा आणि रंगकामात भिंतीतली ०.५ चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करत नाहीत. ०.५ ते ३ चौरस मीटरची एकाच बाजूने वजा करतात, पण कडांचं माप वेगळं लावत नाहीत. ७ बाय ३ फुटांचं दार किंवा ४ बाय ४ ची खिडकी या मधल्या गटात येते. रंगारी मात्र बहुधा काहीच वजा करत नाहीत, ‘कडा रंगवल्या त्यात भागलं’ म्हणतात. आधी बोललं नसेल तर एका दार-खिडकीच्या या ३७ फुटांसाठी मी भांडणार नाही. वरच्या नव्वदांसाठी मात्र भांडेन.

सामानाची पडताळणी रिकाम्या डब्यांवरून होते. रंग किती क्षेत्राला पुरतो हे डब्यावर छापलेलं असतं, त्याच्याशी बिलातले लिटर ताडून बघा. फरशीत काटछाटीचे ५ ते १० टक्के जास्त लागतात, तिरकी बसवली तर आणखी. पण ही तूट सामानात धरायची. मजुरी बसलेल्या फरशीची असते, फुटलेल्या तुकड्यांची नव्हे.

न विचारता केलेलं काम

खरी गुंतागुंत इथे असते. माझ्याकडे न्हाणीघराची गळती काढायचं काम उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून दिलं होतं. फरशी उखडल्यावर खालचा पाइप चाळण झालेला निघाला, तो बदलावाच लागला. मिस्त्रीने त्याच्या शेजारचा दुसरा पाइपही बदलून टाकला, ‘आता फोडलंच आहे तर’ म्हणत. ठरलेली रक्कम शंभर धरली तर बिल एकशे साठ झालं.

उक्तं, रोजावर आणि अंदाज या तीन शब्दांत इथे सगळा फरक पडतो. काम उक्तं असेल तर जास्तीचे दिवस गेले हा त्याचा तोटा. रोजावर असेल तर आपला. अंदाज वर जाऊ शकतो, पण तो मुकाट्याने वर जाऊ नये. जर्मनीच्या नागरी संहितेत यासाठी कलम ६४९ आहे: खर्च अंदाजपत्रकाच्या बराच पुढे जाणार असं दिसलं की कारागिराने लगेच कळवायचं, आणि ग्राहकाला तिथेच काम थांबवता येतं. कायदा कुठलाही असो, मी स्वतःला विचारतो ते असं: त्याने आधी सांगितलं का, मला नाही म्हणायची संधी होती का, आणि ते काम न करता ठरलेलं काम पुरं झालं असतं का. पहिला पाइप या कसोटीला उतरतो, कारण गळका पाइप तसाच ठेवून वर फरशी बसवण्यात अर्थ नव्हता. दुसरा उतरत नाही.

एक अवघड प्रश्नही असतो: तो बदलत असताना तुम्ही शेजारी चहाचा कप घेऊन उभे होतात का? बघत राहून गप्प बसलात तर ती मूक संमती होती असं तो म्हणेल, आणि त्यात तथ्य असेल.

काम बिघडलेलं असेल तर

इथे पैसे कापायची घाई करू नये. आधी बोलवून दुरुस्त करायची संधी द्यावी. वर सांगितलेल्या ब्रिटिश कायद्यातही क्रम असाच आहे: आधी काम पुन्हा करून देणं, आणि ते जमलं नाही किंवा फार लांबलं तर किंमत कमी करणं. रागाच्या भरात दुसऱ्याला बोलावून सगळं उखडलं की पहिल्याने काय बिघडवलं होतं याचा पुरावाच उरत नाही. वॉटरप्रूफिंग असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी पाणी कोंडून २४ ते ४८ तास ठेवा आणि खालच्या छताचे आधीचे-नंतरचे फोटो काढा. अपवाद फक्त धोक्याचा. विजेचा झटका बसत असेल तर मेन स्विच बंद करा, गॅसचा वास येत असेल तर गॅस बंद करून खिडक्या उघडा आणि विजेच्या बटणांना हात लावू नका. मग जो जाणकार आधी मिळेल त्याला बोलवा. तिथे जुन्या मिस्त्रीच्या संधीची वाट बघायची नसते.

मग पैसे द्यायचे कसे?

सगळे पैसे रोखून धरणं जोरकस दिसतं, पण त्यात आपणच चुकीच्या बाजूला जाऊन बसतो. काही काम तर झालेलंच असतं, त्याचेही पैसे न देणारा माणूस तिऱ्हाइतापुढे बुडवणारा दिसतो. मिस्त्रीने मदतनिसांची मजुरी खिशातून दिलेली असते, तो चिडतो, आणि दुरुस्तीला यायचंही टाळतो. अमेरिकेत तर बिल थकलं की कारागिराला घरावरच हक्क नोंदवता येतो. त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात, आणि तसा पहिला कायदा मेरीलँडने १७९१ मध्ये केला. सगळं रोखणं मला दोनच वेळा पटतं: काम पूर्ण निरुपयोगी असेल, किंवा बिल नुसता एक गोल आकडा असेल आणि तपशील मागूनही मिळत नसेल.

सगळे देऊन मग दाद मागणं कमकुवत, पण कधी कधी शहाणपणाचं. घरात एकटे आहात, समोरचा अंगावर येतोय, तेव्हा तत्त्व बाजूला ठेवून पैसे द्या. मात्र त्याच दिवशी ‘रक्कम दिली आहे, अमुक बाबी मान्य नाहीत, हक्क राखून’ असा मेसेज टाका. आठवड्याने पाठवलेल्या मेसेजला मागाहून सुचलेल्या तक्रारीचा वास येतो. पैसे कसे दिले यालाही महत्त्व आहे. कार्डाने दिलेल्या रकमेवर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, आणि व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी त्याची मुदत १२० दिवसांच्या आसपास असते. थेट खात्यात पाठवलेले पैसे असे सहज परत फिरत नाहीत, पण निदान नोंद राहते. पावती न घेता दिलेल्या रोखीची तीही राहत नाही. ॲपवरून बोलावलेल्या माणसाला काम संपल्याचा ओटीपी देण्याआधी नळ उघडून बघा. तो आकडा सांगणं म्हणजे काम पसंत असल्याची सही करण्यासारखंच आहे.

या दोन टोकांच्या मधला रस्ता मी निवडतो: ज्यावर वाद नाही ती रक्कम त्याच दिवशी द्यायची आणि उरलेल्याचं कारण बाबवार लिहून कळवायचं. त्याची अडचण होत नाही, आपली नियत दिसते आणि भांडण साठ रुपयांपैकी वीसावर येतं. पुढे कुणा तिऱ्हाइताकडे जायची वेळ आली तर कागदही आपल्या बाजूने बोलतो. यात चूक एकच होते: कमी रक्कम पाठवून शेऱ्यात परस्पर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिणं. समोरच्याने मान्य केलं नसेल तर त्या शब्दांनी वाद मिटत नाही, उलट आपण लबाडी करतोय असं दिसतं. तो खरोखर तयार झाला, तर मात्र तसं त्याच्याकडून लिहून घ्या.

तिसऱ्या माणसाला आणायचं असेल तर आधी दुसऱ्या मिस्त्रीचं मत. पण सावधपणे, कारण ‘कुणी केलं हो हे काम?’ हे वाक्य प्रत्येक मिस्त्री आधीच्या मिस्त्रीबद्दल म्हणतोच. ज्याला पुढचं काम मिळणार नाही अशाचं मत घ्या, फी देऊन आणि लेखी. ग्राहक आयोगात किंवा लहान दाव्यांच्या न्यायालयात जाणं रक्कम बऱ्यापैकी मोठी असेल तरच परवडतं. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, पण छोट्या बिलासाठी बुडणारे कामाचे दिवसच जास्त महागात जातात. तरीही लेखी नोटीस पाठवायला हरकत नाही. बरेच वाद तिथेच नरम पडतात.

माझ्या न्हाणीघराच्या वेळी मी पाठवलेला मेसेज असा होता: ‘नमस्कार मिस्त्री. बिल मिळालं. ठरलेलं काम आणि पहिला पाइप यांचे पैसे आज पाठवले आहेत. भिंतीच्या फरशीचं माप माझ्या मोजणीपेक्षा १४ फूट जास्त लिहिलंय आणि दुसरा पाइप बदलण्याआधी विचारलं नव्हतं, या दोन बाबी मान्य नाहीत. शनिवारी येता का, दोघं मिळून टेप लावून बघू. उरलेले पैसे बाजूला ठेवलेत, बुडवायचे नाहीत.’

तो शनिवारी आला. माप त्याच्या पोराने घेतलं होतं आणि आरशामागची, फरशी न बसवलेली जागाही मोजली होती. ते त्याने लगेच वजा केलं. पाइपवरून अर्धा तास गेला. शेवटी सामानाचे पैसे मी दिले, मजुरी त्याने सोडली. जाताना पिशवीतून जुन्या पाइपचा तुकडा काढून दाखवला, तोही आतून सडत आला होता. म्हटलं, ‘त्या दिवशी हेच दाखवलं असतंत तर मी हो म्हणालो असतो.’ ‘तुम्ही फोनवर होतात,’ तो म्हणाला.