स्पिनिंग रीळ आणि तंगुसाचा पीळ: एका हंगामाच्या वापरानंतर

पावसाळा संपता संपता घेतलेलं मासे गरवायचं स्पिनिंग रीळ आता मे महिन्यापर्यंत वापरून झालं. 4000 आकाराचं, मधल्या किमतीचं, 5.2:1 गिअरचं. रॉड नऊ फुटी. वापर सगळा रत्नागिरीच्या आसपास: भाट्याची खाडी, मांडवीची जेटी, आणि समुद्र शांत असेल तेव्हा आरे-वारेचे खडक. आधी 0.35 मिमीचा साधा तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनची लाइन, भरला होता, जानेवारीपासून बारीक धाग्यांची विणलेली ब्रेडेड लाइन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला लिहायचंय ते लाइनच्या पिळाबद्दल, आणि तो दोन हजारांच्या रीळवर येतो तसाच वीस हजारांच्याही रीळवर येतो.

पीळ येतो कुठून ते आधी नीट कळलं पाहिजे, नाहीतर माणूस महागडे स्विव्हल (लाइनच्या टोकाला लावायची फिरती कडी) घेत बसतो. स्पिनिंग रीळचं स्पूल, म्हणजे ज्यावर लाइन बसते तो भाग, गुंडाळताना फिरत नाही. हँडलने फिरणारा रोटर त्याच्याभोवती फिरतो आणि लाइन त्यावर लपेटतो. भिंतीला टांगलेल्या पाइपभोवती आपण हाताने वेटोळी घालत जावं, तसंच. रोटरच्या प्रत्येक फेरीला लाइनमध्ये एक पीळ भरला जातो. गळ फेकला की लाइन स्पूलच्या तोंडावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटते आणि तोच पीळ उलटा निघून जातो. म्हणजे नुसतं फेकणं आणि गुंडाळणं चालू असेल तर हिशोब बरोबर जुळतो.

हिशोब बिघडतो तो ड्रॅगमुळे, म्हणजे ठरावीक ताण आला की लाइन सुटू देणाऱ्या ब्रेकमुळे. मासा ओढतो तेव्हा स्पूल स्वतः फिरून लाइन सोडतं, त्यात पीळ निघत नाही. तीच लाइन परत गुंडाळली की पीळ मात्र भरतो. या स्पूलवर एका फेरीत साधारण 16 सेंटीमीटर लाइन बसते. मासा 25 मीटर पळाला तर ती परत घेताना दीडशेच्या वर पीळ जमा झाले. एवढा पीळ अटळ आहे, मासा हवा असेल तर तो सोसायचा.

टाळता येतो तो दुसरा. ड्रॅग कर्रकर्र वाजत सुटतोय आणि माणूस हँडल मारतोच आहे, हे दृश्य जेटीवर रोज दिसतं. त्या वेळी लाइन एक वीतभरही आत येत नसते, पण 5.2:1 गिअरमुळे हँडलच्या दहा फेऱ्यांत रोटरच्या बावन्न फेऱ्या, म्हणजे बावन्न पीळ पडतात. पाकट (चपटा, रुंद मासा) लागलं की हे हमखास होतं. पाकट तळाला चिकटून बसतं, हलत नाही, आणि गरवणारा घाबरून हँडल फिरवत राहतो. शिसं खडकात अडकल्यावरही तेच. या हंगामात मी सगळ्यात कटाक्षाने पाळलेला नियम हा: लाइन बाहेर जात असेल तर हँडलवरचा हात थांबला पाहिजे. रॉड सावकाश वर उचलायचा, मग खाली नेताना तेवढीच सैल पडलेली लाइन गुंडाळायची. जड मासा असेल तर रॉड उचलताना तळहाताने स्पूलची कड हलकेच दाबून धरायची, म्हणजे ड्रॅग घसरत नाही. अडकलेलं शिसं सोडवायला हँडल वापरूच नये. हाताला फडकं गुंडाळून लाइन सरळ ओढावी.

ड्रॅगही अंदाजाने लावू नये. घरातला हुकचा वजनकाटा पुरतो. लाइनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला ड्रॅग सुटला पाहिजे. नऊ किलोच्या लाइनला सव्वादोन ते तीन किलो. याहून ढिला ठेवला तर जरा बऱ्या तांबोशी माशासमोरही नुसती घसरगुंडी होते आणि सगळा पीळ लाइनमध्ये.

नवीन तंगूस भरतानाच अर्धा पीळ पडलेला असतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुकानात नव्या लाइनचं पुडकं पेन्सिलीवर फिरवत लाइन भरून देतात. पुडक्यातून लाइन सरळ येते आणि आपला रोटर प्रत्येक फेरीला पीळ घालतो, म्हणजे पाण्यात जाण्याआधीच लाइन पिळलेली. घरी भरताना पुडकं जमिनीवर लेबल वर करून ठेवावं, लाइन ओल्या फडक्यातून ताणात घ्यावी, आणि हँडलच्या पंधरा-वीस फेऱ्यांनंतर थांबून ती सैल सोडून पाहावी. स्वतःभोवती गुंडाळू लागली तर पुडकं उलटं करावं. स्पूल कडेपासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं ठेवावं. काठोकाठ भरलेला तंगूस पहिल्या फेकीलाच घडीच्या घडी बाहेर उडतो.

इथे एक फरक ओळखायला हवा. स्पूलवर पडून राहिलेल्या तंगुसाला वेटोळ्यांची सवय लागते, तो पीळ नव्हे. हातभर लाइन सैल धरून दोन्ही टोकं जवळ आणा. दोन पदर एकमेकांभोवती फिरून दोरी वळली गेली तर पीळ. नुसती गोल वेटोळी राहिली तर सवय, आणि ती कोमट पाण्यात स्पूल भिजवलं की बरीच उतरते. पिळाला कोमट पाण्याचा काही उपयोग नाही.

हे दुखणं जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉक यांनी 1884 मध्ये फेकताना आडवं वळवायचं रीळ काढलं, त्यातही लाइन पिळायची, म्हणून पुढे त्याचं स्पूल काढून उलटं बसवायची सोय आली. ऑस्ट्रेलियात अल्व्ही कंपनीची रीळं 1920 पासून त्याच धर्तीवर आहेत आणि ती वापरणारे लोक आजही चांगल्या स्विव्हलशिवाय समुद्रावर जात नाहीत.

स्विव्हलचा माझा अनुभव मध्यम. साधं पिंपाच्या आकाराचं स्विव्हल ताण आला की जवळजवळ फिरतच नाही. बॉल बेअरिंगचं फिरतं, महाग आहे, आणि स्पिनर किंवा चमचा (पाण्यातून ओढायची धातूची खोटी आमिषं) ओढत असाल तर पैसे वसूल. पण ड्रॅगचा पीळ ते काढत नाही, ते काम त्याचं नाहीच. आमिष म्हणून कोळंबी लावणाऱ्यांनी त्यापेक्षा कोळंबीकडे लक्ष द्यावं. गळावर वाकडी बसलेली कोळंबी गुंडाळताना पंख्यासारखी फिरते. सरळ ओवली की निम्मा त्रास गेला.

ब्रेडेड घेतल्यावर पीळ गेला असं पहिले काही दिवस वाटतं. तो असतोच, फक्त लाइन मऊ असल्यामुळे दिसत नाही, आणि मग दुपारच्या वाऱ्यात एकदम गाठींचा पुंजका बाहेर येतो. यावर एक सवय फार उपयोगी पडली: गळ पाण्यात पडला की बेलची तार (फेकताना उघडायची, लाइन पकडणारी कमान) हातानेच बंद करायची आणि लाइन एकदा बोटांनी ताणून मगच हँडल फिरवायचं. त्या सवयीनंतर गाठी क्वचितच झाल्या. तळाला थोडा तंगूस भरल्याशिवाय ब्रेडेड भरू नका, नाहीतर अख्खी लाइन स्पूलवर घसरते.

रीळबद्दलची माझी एकच खरी तक्रार रोलरची. बेलच्या टोकाचा हा छोटा रोलर खाऱ्या पाण्याने आखडला. कंपन्या पीळ कमी करणारे खास आकाराचे रोलर म्हणून जाहिरात करतात, पण जो रोलर फिरतच नाही त्याचा आकार काय कामाचा? प्रत्येक वेळी घरी येऊन गोड्या पाण्याची हलकी धार आणि आठवड्याला तेलाचा एक थेंब, एवढ्यावर तो पुन्हा चालू झाला. लाइन ताणून धरून हळूच हँडल फिरवा आणि रोलर फिरतोय का ते डोळ्यांनी बघा. खरेदी करतानाही हे दुकानातच करून बघा.

भरलेला पीळ काढायला खाडीची ओहोटी सर्वांत चांगली. शिसं, गळ, स्विव्हल सगळं कापून टाकायचं, टोकाला काही नको. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात उतरत असतं तेव्हा लाइन सोडत जायची, जिथपर्यंत पीळ आहे तिथपर्यंत. दहा-पंधरा मिनिटं तशीच वाहत्या पाण्यात ठेवली की मोकळं टोक फिरून पीळ आपोआप सुटतो. मग दोन बोटांत दाबून परत गुंडाळायची. भांगाच्या दिवसांत पाणी मंद असतं, तेव्हा हे नीट होत नाही. होडी असेल तर सावकाश वल्हवत मागे सोडली तरी तेच. पाणी जवळ नसेल तर कापलेल्या शेतातल्या गवतावरून ओढत न्यावी.

आणि जी लाइन सुटणार नाही इतकी गुंतली, ती खडकावर टाकून येऊ नका. आरे-वारेला फटीफटीत तंगुसाचे पुंजके अडकलेले दिसतात. आपल्याच जिल्ह्यात वेळासला, आंजर्ल्याला कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्या पायात हा तंगूस अडकला तर तो कुजत नाही आणि सुटतही नाही. पिशवीत भरून घरी आणा, बारीक कापून कचऱ्यात टाका.

पावसाळ्याआधी आता ब्रेडेड उलटी भरणार आहे. वरचा अर्धा भाग खडकांना घासून पिंजलाय, आतला अजून कोरा आहे. त्यासाठी एक रिकामं स्पूल लागतं आणि भरताना मघाचीच पिळाची तपासणी.