बग्गीचा क्लच बदलताना: साधा सेंट्रिफ्युगल क्लच की बेल्टचा टॉर्क कन्व्हर्टर

लहान ऑफ-रोड बग्गीचा क्लच गेला की जुन्यासारखाच नवा आणून बसवावा, असे पहिल्यांदा मनात येते आणि पुष्कळदा ते योग्यही असते. परंतु थोड्या काळात क्लच दुसऱ्यांदा जळाला असेल, तर दोष त्या सुट्या भागात नसून त्याच्यावर पडणाऱ्या कामात असण्याची शक्यता अधिक असते, आणि तोच भाग पुन्हा आणल्याने ते काम काही बदलत नाही. या आढाव्यात १९६ ते २१२ सीसीचे, आडव्या शाफ्टचे (शाफ्ट म्हणजे इंजिनातून बाहेर येणारा फिरता दांडा), एका सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन आणि चेनवर फिरणारा मागचा एक्सल (चाकांचा दांडा) असलेली बग्गी गृहीत धरली आहे. अशा गाडीपुढे खऱ्या अर्थाने दोनच पर्याय असतात: शाफ्टवर थेट बसणारा सेंट्रिफ्युगल क्लच आणि दोन पुल्या व बेल्ट असलेला टॉर्क कन्व्हर्टर.

खरेदीपूर्वी जुना क्लच उघडून पाहावा, कारण तो बरेच काही सांगून जातो. माझ्या बग्गीच्या क्लचचा ड्रम, म्हणजे बाहेरचा गोल डबा, मी काढला तेव्हा त्याच्या कडेवर निळसर-जांभळी झाक चढली होती, त्याला आतून धरणाऱ्या शूंचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि ड्रम ज्यावर फिरतो तो मधला पितळी रंगाचा बुश इतका कोरडा पडला होता की ड्रम हाताने फिरवताना अडखळत होता. निळी झाक म्हणजे लोखंड अतिशय तापल्याची खूण. तो क्लच मी वाळूच्या वाटेवर तासन् तास पायी चालण्याच्या गतीने रेटला होता आणि त्या कामासाठी तो बनलेलाच नव्हता, हे मला तेव्हा समजले. याउलट ड्रम स्वच्छ असून फक्त एखादी स्प्रिंग तुटलेली असेल, किंवा बुश तेलाविना जाम झाल्यामुळे गाडी आयडलिंगलाच, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, पुढे सरकत असेल, तर क्लचची निवड चुकलेली नाही. तसाच दुसरा बसवून मोकळे व्हावे.

निर्णय वेगावर ठरतो

सेंट्रिफ्युगल क्लचमध्ये इंजिनाबरोबर फिरणारे शू बाहेर फेकले जातात आणि स्प्रिंगांचा ताण ओलांडला की ड्रमला घट्ट धरतात. या वर्गातील बहुतेक क्लच सुमारे १८०० ते २२०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) दरम्यान पकडू लागतात. हा आकडा सहज ठरलेला नाही. उदाहरणार्थ, होंडाच्या जीएक्स२०० इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर), म्हणजे १२.४ न्यूटन-मीटर, २५०० आरपीएमला मिळतो आणि आयडलिंग १४०० च्या आसपास असते. म्हणून पकड आयडलिंगपासून पुरेशी दूर आणि टॉर्कच्या शिखराजवळ असावी लागते. मऊ स्प्रिंगा घालून पकड १६०० वर आणली, तर गाडी उभी असतानाही क्लच घासत राहतो आणि इंजिनाला दम नसलेल्या आरपीएमवर भार उचलावा लागतो.

आता हाच आकडा चाकांपर्यंत नेऊन पाहू. क्लचच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) १० दात आणि एक्सलच्या स्प्रॉकेटवर ६० दात असतील तर गुणोत्तर ६ ला १ होते. १८ इंची टायरचा घेर सुमारे १.४४ मीटर भरतो. इंजिन २००० आरपीएमवर असताना एक्सल मिनिटाला ३३३ फेरे घेतो आणि गाडी ताशी सुमारे २९ किलोमीटरने धावते. याचा सरळ अर्थ असा की ताशी २९ किलोमीटरच्या खाली हा क्लच पूर्ण पकडलेला असूच शकत नाही. तो सतत घसरत असतो आणि घसरणारी सगळी शक्ती उष्णता होऊन ड्रममध्ये मुरते. गाडी चढावर अडून थांबली आणि चालकाने रेस तशीच धरून ठेवली, तर १२ न्यूटन-मीटर व २००० आरपीएमच्या हिशोबाने सुमारे अडीच किलोवॅट उष्णता त्या तळहाताएवढ्या ड्रममध्ये निर्माण होते. खोली तापवणारा मोठा हीटर दोन किलोवॅटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे काही मिनिटांत क्लचचा वास का येतो ते कळते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्येही पकड सेंट्रिफ्युगल तत्त्वावरच होते, मात्र तेथे फेकली जाणारी वजने इंजिनावरच्या पुलीच्या दोन थाळ्या जवळ आणतात. सुरुवातीला बेल्ट या पुलीत खोल आणि मागच्या पुलीत कडेला असतो, म्हणजे गाडी जणू पहिल्या गिअरमध्ये असते. आरपीएम वाढते तसा बेल्ट पुढच्या पुलीत वर चढतो आणि मागच्या पुलीत खाली उतरतो. या इंजिनांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३० मालिकेच्या संचात हे गुणोत्तर साधारण २.७ पासून ०.९ पर्यंत बदलते. वरच्याच गाडीत तो संच बसवला तर एकूण गुणोत्तर सुरुवातीला १६.२ होते आणि २००० आरपीएमला वेग ताशी साडेदहा किलोमीटरच्या आसपास येतो. २९ च्या जागी साडेदहा! दोन्ही पर्यायांतला खरा फरक हाच आहे आणि बाकीचे मुद्दे त्याच्या मागून येतात.

जोराचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. ६ ला १ च्या गुणोत्तरात एक्सलवर जास्तीत जास्त ७४ न्यूटन-मीटर पोहोचतात. बग्गी आणि चालक मिळून २२० किलो धरले तर, सर्व नुकसान बाजूला ठेवूनही, शंभर फुटांच्या वाटेला पंधरा फूट चढ एवढीच तिची मजल असते. मोकळ्या वाळूत नुसते चाक पुढे ढकलण्यातच यातला मोठा भाग खर्ची पडतो आणि चढासाठी फारसे काही उरत नाही. कन्व्हर्टर त्याच इंजिनातून सुरुवातीला सुमारे २०० न्यूटन-मीटर देतो. बेल्टमध्ये थोडी शक्ती वाया जाते हे खरे, पण अडीचपटींहून अधिक वाढीपुढे ती नगण्य ठरते. कमाल वेगाचे नुकसानही होत नाही: ३६०० आरपीएमला साध्या क्लचवर ताशी ५२ किलोमीटर मिळतात, तर ०.९ च्या गुणोत्तरामुळे कन्व्हर्टरवर, इंजिनाने तेवढे ओढल्यास, ५७ पर्यंत जाता येते.

साध्या क्लचच्या बाजूने

यावरून सेंट्रिफ्युगल क्लच टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तो स्वस्त असतो, हलका असतो, एका चावीवर (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीवर) व एका बोल्टवर बसतो आणि त्यात बिघडण्यासारखे भाग मोजकेच असतात. सपाट, कठीण मैदानावर गाडी बहुतेक वेळ ताशी ३० च्या वर धावत असेल, तर तो पकडलेला राहतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. चिखल-पाण्याच्या बाबतीतही तो थोडा सरस आहे. बेल्ट ओला झाला की पुलीवर घसरू लागतो आणि वाळू शिरली की बेल्टच्या कडा झिजतात, म्हणून कन्व्हर्टरला झाकण हवेच हवे.

शिवाय पुष्कळ गाड्यांत क्लचला खरा त्रास टायर बदलल्यामुळे होतो. १३ इंची टायर असताना ६ ला १ च्या गाडीत २००० आरपीएमचा वेग ताशी २१ च्या जवळ असतो. मालकाने दिसायला दांडगे म्हणून १८ इंची टायर घातले की तो २९ वर जातो आणि काल व्यवस्थित असलेला क्लच आज जळतो. अशा वेळी एक्सलवर ६० ऐवजी ७२ दातांचे स्प्रॉकेट बसवल्यास तो वेग २४ वर उतरतो, कमाल वेग मात्र ४३ पर्यंतच राहतो. मोठा खर्च करण्याआधी हा मार्ग तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन. स्प्रॉकेट मोठे करताना ते जमिनीपासून किती वर राहते तेवढे पाहावे, कारण खडकावर आदळणारे स्प्रॉकेट कोणत्याही क्लचला वाचवू शकत नाही.

डिस्क क्लच हा तिसरा पर्याय शर्यतीच्या गो-कार्टसाठी उत्तम आहे, कारण त्याची पकड स्प्रिंगांच्या जुळणीने हवी तेथे आणता येते. संथ ओढीच्या बग्गीला गुणोत्तराचा प्रश्न तोही सोडवत नाही. येथे त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

मापे आणि जागा

या इंजिनांचा शाफ्ट सहसा पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचा असतो आणि चावी ३/१६ इंची. मोठ्या इंजिनांना एक इंची शाफ्ट व पाव इंची चावी येते. अंदाजावर न जाता व्हर्नियरने मोजावे. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर ९.५ मिलिमीटर भरले तर ती ३५ क्रमांकाची, आणि १२.७ भरले तर ४०, ४१ किंवा ४२० ची. शेवटच्या तिघींचे हे अंतर सारखे असले तरी ४० ची चेन आतून अधिक रुंद असते. ४१ व ४२० यांची रुंदी जुळते. चेन आणि तिच्यावरच्या स्प्रॉकेटचे दात एकमेकांना न जुळणारे घेतले, तर नवा क्लचही कुरकुरत फिरतो.

साधा क्लच घेताना स्प्रॉकेट इंजिनाच्या बाजूला आहे की बाहेरच्या बाजूला, हे पाहणे राहून जाते. ते उलटे आले तर चेन तिरकी धावते आणि बुश एकाच अंगाने झिजतो.

कन्व्हर्टरसाठी प्रश्न जागेचा असतो. त्याची मागची पट्टी इंजिनाच्या शाफ्टकडील चार बोल्टांवर बसते, मागची पुली इंजिनापलीकडे सरकते आणि चेन इंजिनाच्या शाफ्टऐवजी तिच्या शाफ्टवरून निघते. म्हणून चेनची लांबी बदलते आणि कधी इंजिनही थोडे पुढे घ्यावे लागते. पुठ्ठ्याचा साचा कापून फ्रेममध्ये धरून पाहिला तर आसन, ब्रेकची दांडी किंवा तेल काढण्याचे बूच आड येते का, हे खरेदीपूर्वीच कळते. बेल्टची एक बाजू सरळ आणि दुसरी तिरकी असते. सरळ बाजू सरळ थाळीकडे, म्हणजे इंजिनाकडे ठेवावी. पुल्यांच्या तोंडाला तेलाचा थेंबही लागू नये.

साध्या क्लचमध्ये याच्या उलट चूक अधिक होते: लोक तेल द्यायला घाबरतात. बुशला अधूनमधून दोन-चार थेंब हवेतच, फक्त ते शूंवर ओघळता कामा नयेत.

माझा कल विचाराल तर वाळू, चढ, मोठे टायर किंवा दोन माणसांचे ओझे यांपैकी दोन गोष्टी जरी रोजच्या वापरात असतील, तरी मी कन्व्हर्टरच घेईन आणि बेल्ट हा बदलण्याचा भाग आहे हे धरून एक जास्तीचा जवळ ठेवीन. मुलांच्या हलक्या गाडीसाठी, लहान टायर आणि मोकळे मैदान असताना, मी साध्या क्लचच्या पुढे जाणार नाही. चालकाला ब्रेकवर पाय ठेवून रेस देण्याची सवय असेल, तर ती मात्र दोन्ही पर्यायांत आधी मोडावी लागेल.

कोणताही भाग शाफ्टवर हातोडीने ठोकून बसवू नये. तो धक्का थेट इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत जातो. शाफ्ट बारीक पॉलिश कागदाने साफ करावा, चावी हाताने सरकते का पाहावे, झाकण लावावे आणि मागची चाके जमिनीपासून उचलून इंजिन आयडलिंगला सोडावे. चाके थोडी फिरली तर चालते, पण ब्रेकच्या हलक्या दाबाने ती थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर गाडी खाली उतरवण्याआधी आयडलिंग कमी करावे.