परीक्षेआधीच छापलेलं प्रमाणपत्र

चाळिशी ओलांडून कराटे शिकायला निघालेल्या माणसाला एकच धाकधूक असते, आता हे जमेल का? क्लासच्या सरांनी ती पहिल्याच दिवशी हेरली. तीन पंच मारायला लावले आणि म्हणाले, "तुमच्यात उपजत टायमिंग आहे." मी पाघळलो. खरं तर त्या दिवशी मला मूठसुद्धा वळता येत नव्हती. अंगठा बोटांच्या आत होता, आणि अशा मुठीनं जोरात मारलं की अंगठाच मोडतो. एवढंही त्यांनी सांगितलं नाही.

लगेच कागद पुढ्यात आला. एका वर्षात ब्लॅक बेल्टची हमी, वर्षाची फी आगाऊ, परतावा नाही. बहुतेक ठिकाणी तीन ते पाच वर्षं लागतात असं ऐकलं होतं, तसं विचारलंही. "ते जुन्या पद्धतीनं शिकवतात," असं उत्तर आलं. सही केली.

ग्रेडिंगचा खर्च त्या फीत धरलेलाच नव्हता. दर दीड महिन्याला परीक्षा, तिची फी, बेल्ट, प्रमाणपत्र, नोंदणी, सगळं वेगळं. पांढऱ्यानंतर पिवळा यावा, तर मध्ये पांढऱ्यावर पिवळी पट्टी. मग पिवळ्यावर केशरी पट्टी. पट्टीगणिक पैसे. बेल्टचं हे प्रकरण मुळात कराटेतलं नाहीच, हे मी नंतर वाचलं. जुदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये 'दान' नावाच्या श्रेणी देणं सुरू केलं. कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला आले आणि त्यांनी ती पद्धत कराटेत घेतली. आणि ब्लॅक बेल्टची पहिली पायरी 'शोदान', म्हणजे पहिली इयत्ता! आम्ही ती शेवटची समजून पैसे मोजत होतो.

शिकवायचे काय, तर हेइआन शोदान हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या एकवीस हालचालींची मालिका, पुन्हा पुन्हा. टाच उचलली जाते का, कंबर वळते का, कुणी बघायचं नाही. जोडीनं सराव असे तेव्हा समोरचा सावकाश एक पंच मारायचा आणि हात तसाच हवेत ठेवून उभा राहायचा. तेवढ्यात मी ब्लॉक, पंच, कोपर असं सगळं उरकायचो. फार भारी वाटायचं. कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, कधी, विचारलं की सर म्हणायचे, "आपलं तंत्र जीवघेणं आहे, एवढ्यात नको."

ग्रीन बेल्टच्या परीक्षेला मी दोन तास आधी पोचलो, म्हणून टेबलं मांडायला मदत केली. एका खोक्यात प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता आणि वरच माझं. नाव, बेल्ट, आजची तारीख, 'उत्तीर्ण', सही, शिक्का. परीक्षा व्हायची होती.

पुढे काता करताना सतरा हालचाली नीट झाल्या, शेवटच्या चार शुतो-उकेंपाशी, म्हणजे उघड्या तळहाताच्या कडेनं करायच्या ब्लॉकपाशी, दिशाच आठवेना. डावीकडे की उजवीकडे? चांगला दहा सेकंद नुसता उभा राहिलो. "उत्तम," सर म्हणाले आणि तेच प्रमाणपत्र हातात दिलं. त्या दिवशी जो आलाच नव्हता त्यालाही पुढच्या क्लासला मिळालं. पैसे परत मागितले तेव्हा माझीच सही मला दाखवण्यात आली.

तेव्हा, बाबांनो, फी महिन्याचीच भरा. ब्लॅक बेल्टपर्यंतचा सगळा खर्च आधी लेखी मागा. एक अख्खा क्लास कडेला बसून पाहा आणि समोरचा खरोखर विरोध करतो का, एवढ्यावरच नजर ठेवा. प्रमाणपत्र 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं तर ते कुठे पडताळता येतं ते विचारा. तायक्वांदोत कुक्कीवॉन या जागतिक मुख्यालयाचं दान प्रमाणपत्र पडताळून घेता येतं.

मी आता दुसरीकडे जातो. पहिल्या दिवशी मॅडमनी ग्रीन बेल्ट पिशवीतच ठेवायला सांगितला आणि शाळकरी वयाच्या एका यलो बेल्ट मुलीसमोर उभं केलं. माझा हात उचलेपर्यंत तिनं तीनदा पोटाला अलगद मूठ टेकवली. "काका, हात वर ठेवा ना," म्हणाली.

निघताना मॅडमना विचारलं, मागच्या ग्रेडिंगला किती जण नापास झाले?

"दोन," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे बोट दाखवलं, "त्यातली एक ही."